चार नंबर आधी, सात नंबर नंतर

मला घाबरायला फार मोठं कारण लागत नाही. फोनवर कुणी लाडीगोडीने "मॅडम, एक छोटासा चेंज होता" एवढं म्हटलं की पुरे. नोकरी सोडून आता बरीच वर्षं झाली, तरी एटीएमच्या पडद्यावर "तुम्हाला नक्की पुढे जायचं आहे का?" असं आलं की मी थांबते. मागे रांगेत उभी असलेली माणसं चुकचुकतात. माझी सगळी नोकरी ह्याच प्रश्नासमोर बसून झाली, हे त्यांना कुठून माहीत असणार.

आमचं ऑफिस उल्हासनगरात, कॅम्प चारमध्ये, एका फर्निचरच्या दुकानाच्या वर होतं. खाली पॉलिशचं काम चाले आणि वर आमच्या कॉम्प्युटरांवर भुसा बसे. छोटे कारखाने आणि दुकानं ह्यांच्यासाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवत होतो. मी अंबरनाथची, बुवापाड्यातली. विहाराच्या वरच्या खोलीतल्या क्लासमध्ये, एका कीबोर्डवर दोघी दोघी बसून कॉम्प्युटर शिकले. ऑफिसात माझ्याकडे डेटाबेस होता. म्हणजे गिऱ्हाइकांची सगळी माहिती जिथे साठते ते कोठार सांभाळायचं. चोरी झाली, सांडलं, सडलं, की पहिला फोन मला.

घरच्यांना समजावताना मी शाळेच्या हजेरीबुकाचं उदाहरण देई. आडवी ओळ एका मुलाची. उभे रकाने नावाचे, गावाचे, जन्मतारखेचे. असं एक हजेरीबुक म्हणजे एक टेबल आणि उभा रकाना म्हणजे कॉलम. आता आमच्या विषयाच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात लिहिलेलं असतं की कॉलमांच्या क्रमाला काही अर्थ नसतो. कॉम्प्युटर कॉलमला नावाने हाक मारतो, तो पहिला बसलाय की शेवटचा ह्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. परीक्षेत मला हा प्रश्न आला होता आणि मी बरोबर उत्तर लिहिलं होतं. गिऱ्हाइकांनी मात्र ते पुस्तक वाचलेलं नव्हतं.

जीन्स शिवणारे एक शेठ होते. त्यांच्या मालाच्या टेबलात कंबरेच्या प्रत्येक मापाला एक कॉलम: अठ्ठावीस, तीस, बत्तीस, असे चाळीसपर्यंत. मग त्यांनी एकोणतीसची पँट काढली. नवा कॉलम नेहमी शेवटी जाऊन बसतो, वर्गात उशिरा आलेल्या मुलासारखा. शेठनी टेबल उघडून पाहिलं आणि मला फोन केला, "मॅडम, उनतीस चालीस के पीछे क्यों बैठा है? उसने क्या गुनाह किया?"

मी म्हटलं, पडद्यावर तुम्हाला हव्या त्या क्रमाने दाखवते, आतलं तसंच राहू द्या. ते ऐकेनात. "नहीं मॅडम, अंदर से भी सही चाहिए."

आतून क्रम बदलायचा म्हणजे घर बदलण्याचा प्रकार. पाहिजे त्या क्रमाने नवं टेबल बांधायचं. जुन्यातली एकूण एक ओळ उचलून नव्यात न्यायची. सगळं सामान आलं का ते मोजायचं, मग जुनं घर पाडायचं आणि त्याची पाटी नव्याला लावायची. मध्येच वीज गेली तर तुम्ही ना ह्या घरात ना त्या घरात, आणि उल्हासनगरात वीज कधी जाईल हे सांगायला ज्योतिषी लागे. बाजार बंद असतो त्या दिवशी मी ते काम केलं आणि डबा न उघडता तसाच घरी नेला. दुसऱ्या दिवशी शेठ आले, पडदा पाहिला, "अब ठीक है" म्हणाले आणि गेले. आमच्या कामाची वाहवा एवढीच असते. काही बिघडलं नाही, तर तुम्ही काही केलंच नाही असं धरतात.

आता जे सांगायचं आहे ते अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्याचं. नाव सांगत नाही, तो कारखाना आता तिथे नाहीही. तिथल्या मालकांना एक धास्ती होती. कामगार फॉर्म्युला शिकतील आणि पलीकडच्या गाळ्यात दुसरा कारखाना काढतील. अशी उदाहरणं आसपास होती, त्यामुळे धास्ती अगदीच उगाच नव्हती. म्हणून त्यांनी ड्रमांवरची नावं खरवडून काढली होती आणि त्यांवर नुसते आकडे रंगवले होते. दोन नंबर, चार नंबर, सात नंबर. आत काय आहे ते मालकांना आणि केमिस्ट पाटील साहेबांना ठाऊक, बाकी कुणाला नाही.

रोजच्या बॅचचं, म्हणजे एका वेळी शिजणाऱ्या मालाचं, कार्ड आमच्या सॉफ्टवेअरमधून छापून निघे. कुठला नंबर किती किलो, एवढंच त्यावर असायचं. ते कार्ड प्लांटमध्ये रिॲक्टरवर जाई. रिॲक्टर म्हणजे माल शिजवायचं बंद झाकणाचं भलंमोठं पातेलं म्हणा. तिथला ऑपरेटर कार्ड वाचून एकेक नंबर आत सोडायचा. कुठल्या क्रमाने? तर वरून खाली, कार्डावर येतील तसे. "आधी हे, नंतर ते" असं कुठेही छापलेलं नव्हतं. माणूस वरून खाली वाचतो, म्हणून ते वरून खाली टाकत.

सॉफ्टवेअर बसवलं तेव्हा पाटील साहेबांनी मला बाजूला घेतलं होतं. "ताई, कार्ड छान झालंय. एकच सांभाळा. सात नंबर आत गेल्याशिवाय चार नंबर जाता कामा नये. उलटं झालं, चारवर सात पडलं, तर आतली गरमी आवरायची नाही. झाकण उडेल."

"मग तसं कार्डावर छापू या ना."

"मालकांना चालायचं नाही. क्रम लिहिला म्हणजे अर्धा फॉर्म्युला लिहिला, असं त्यांचं म्हणणं. तुमच्या टेबलात सात आधी आहे ना? मग झालं."

टेबलात प्रत्येक नंबराचा एक कॉलम होता, त्यात सातचा आधी होता. आणि कार्ड छापणारा प्रोग्रॅम, जो माझ्या आधीचा मुलगा लिहून गल्फला निघून गेला होता, तो टेबलातले सगळे कॉलम जसे बसलेत तसे उचलून कागदावर टाकत होता. मला ते खटकायचं. मी आमच्या सरांना म्हटलंही. सर म्हणाले, "चल रहा है ना? चलती चीज़ को हाथ नहीं लगाने का." धंद्यातलं हे सगळ्यात जुनं शहाणपण आहे, आणि बहुतेक वेळा ते खरं ठरतं.

त्या रिॲक्टरवर पहिल्या पाळीला आमचे हे असत. हे म्हणजे माझा नवरा, प्रकाश. माणूस हुशार आणि हुशारी लपवता न येणारा. एकदा चहाच्या वेळी त्यांनी चारचौघांत सांगितलं की दोन नंबर म्हणजे अमुकच, मी वासावरून ओळखलं. ते मालकांच्या कानावर गेलं आणि हे आठवडाभर घरी बसले. तेव्हापासून मी रोज सकाळी डबा देताना सांगत असे, "डोकं घरी ठेवून जा. कार्डावर असेल तेच करायचं." आधी ते चिडत, मग हसून सोडून देत, आणि मग खरंच तसं वागायला लागले. चार आणि सातचं मी त्यांना कधी बोलले नाही. गिऱ्हाइकाची गोष्ट घरी न्यायची नाही, असा आमच्या ऑफिसचा नियम होता.

कारखान्यात कॉम्प्युटरवर बसत ते स्टोअर्सचे नरेशभाई. उल्हासनगरचे सिंधी, पन्नाशीचे, सदा हसतमुख. त्यांना दिवसभर सगळ्यात जास्त नोंदी चार नंबरच्या कराव्या लागत आणि त्यासाठी पडदा उजवीकडे सरकवत न्यावा लागे. आठवड्यातून एकदा तरी फोन असायचाच. "मॅडम, चार नंबर आगे लाओ ना साईं, मेरी उंगली घिस गई." मी दर वेळी काहीतरी सबब सांगून टाळायची. खरं कारण सांगायची मुभा नव्हती. मग त्या वयात त्यांनी कॉम्प्युटरचा क्लास लावला. मला त्याचं कौतुक वाटलं होतं, आणि तसं मी त्यांना म्हटलंही होतं.

एका सकाळी मी ऑफिसात येऊन टेकते तोच त्यांचा फोन.

"मॅडम, बधाई दो."

"कशाबद्दल, नरेशभाई?"

"चार नंबर मैंने खुद आगे ले लिया. माउस से पकड़ा, खींचा, ऊपर रख दिया. इतना इझी था और आप मुझे इतने दिन से घुमा रहे थे."

ते खरं बोलत होते. त्या काळी आम्ही वापरत होतो त्या डेटाबेसमध्ये तशी सोय होती. कॉलमांची नावं एकाखाली एक दिसत, त्यातलं एक माउसने धरून वर-खाली हवं तिथे ओढायचं आणि 'सेव्ह' म्हणायचं. वर दिसायला एवढंच. पण आत ते सॉफ्टवेअर मुकाट्याने नवं टेबल बांधतं, सामान हलवतं, जुनं पाडतं, पाटी बदलतं. जे करताना मी जेवत नसे, ते नरेशभाईंनी चहा पिता पिता केलं होतं.

"डेटा सगळा आहे ना?" मी विचारलं.

"एक एंट्री इधर की उधर नहीं. और कार्ड भी क्या मस्त आया है. चार नंबर सबसे ऊपर. सुबह प्लांट में देके ही निकला."

मी उठून उभी राहिले. "नरेशभाई, प्लांटला फोन करा. बॅच थांबवायला सांगा. चार नंबर आधी जाता कामा नये."

"क्यों? क्या होता है?"

"झाकण उडेल. माणसं आहेत तिथे."

पलीकडे टेम्पोचा आवाज येत होता. ते मालाबरोबर बाहेर पडले होते, पार शीळफाट्याच्या पुढे. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "मॅडम, मैंने तो डेटा को हाथ भी नहीं लगाया. सिर्फ जगह बदली."

कारखान्याच्या दोन्ही लाइनी बिझी. प्लांटमध्ये मोबाइल न्यायला बंदी, सगळ्यांचे फोन गेटवर जमा. ह्यांचाही, पाटील साहेबांचाही. मी दोन्ही लावले आणि दोन्ही वाजत राहिले. ते गेटवरच्या लाकडी खणात एकमेकांशेजारी वाजत असणार, हे कळत होतं, तरी लावत राहिले. मग सरांना "तुम्ही लँडलाइन लावत राहा" असं सांगून खाली धावले आणि रिक्षा पकडली.

"हॉस्पिटल?" रिक्षावाल्याने माझा चेहरा बघून विचारलं.

"नाही. एमआयडीसी. जितकी पळवता येईल तितकी पळवा."

पहिली पाळी सुरू झाली की आधी रिॲक्टर तपासतात, मग चहा होतो, मग माल आत जातो. हे मला ह्यांच्याकडूनच माहीत होतं. चहावाला उशिरा येऊ दे, एवढं एकच मी मनात घोकत होते. कधी नाही तो त्या चहावाल्याचा चेहरा आठवायचा प्रयत्न करत होते. अंबरनाथच्या पुलावर एक ट्रेलर आडवा झाला होता आणि त्याच्यामागे सगळं थांबलेलं. मी रिक्षातून खाली उतरले, पुन्हा बसले. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, उतरने से गाड़ी नहीं निकलती."

पुलावरून एमआयडीसी दिसते. तिच्यावर धूर नेहमीच असतो, पांढरा, करडा, कधी पिवळसर. जन्मापासून पाहते आहे, कधी लक्षही गेलं नाही. त्या दिवशी मात्र प्रत्येक धूर मला आमच्याच कारखान्याचा वाटत होता. ह्यांना मीच सांगितलं होतं, डोकं घरी ठेवून जा. एरवी त्यांनी कार्डाकडे पाहिलं असतं, रोज सात आधी असतं आणि आज चार कसं, असं चार जणांना विचारलं असतं. आता ते विचारणार नव्हते. माझं ऐकणारा नवरा मिळाला म्हणून मी बायकांत मिरवत असे, त्याची मला तेव्हा भयंकर भीती वाटली.

गेटवर सावंत होते, कोकणातले म्हातारे वॉचमन. "ताई, पास?"

"पास नाही. प्लांटला इंटरकॉम लावा. लगेच."

"बाहेरच्या माणसाक आतल्या फोनवर बोलूक देवचा नाय, साहेबांची ऑर्डर आसा."

"सावंत, माझा नवरा आत आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढे काही न विचारता नंबर फिरवला. बराच वेळ रिंग वाजत राहिली. मग कुणीतरी उचलला. सावंत ओरडून म्हणाले, "परकाशाक बोलव रे. घराकडसून इलेत त्याच्या. अर्जंट आसा म्हणान सांग." मग रिसीव्हर माझ्या हातात दिला.

हे आले तेव्हा धापा टाकत होते. "काय झालं?"

"अहो, चार नंबर टाकू नका."

"काय?"

"चार नंबर. सातच्या आधी टाकायचा नाही. कार्ड चुकलंय."

"कार्ड चुकलंय म्हणजे? माझ्या खिशात आहे कार्ड."

"त्याच्यावरचा क्रम बदललाय. नरेशभाईंनी टेबलात… ते नंतर सांगते. तुम्ही काही करू नका. पाटील साहेबांना बोलवा."

ते म्हणाले, "असं तोंडी सांगून बॅच थांबवता येत नाही गं. तूच रोज सांगतेस ना, कार्डावर असेल तेच करायचं."

"आता मी सांगते आहे, थांबा. हात जोडते."

मग ते अगदी हळू म्हणाले, "अजून काही टाकलेलं नाही. मी थांबतो. तू रडू नकोस."

मी रडते आहे हे मला तोवर कळलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने पाटील साहेब गेटवर आले. शर्ट घामाने भिजून अंगाला चिकटला होता. त्यांनी सावंतांची पाण्याची बाटली उचलली आणि सगळी पिऊन टाकली. "सगळं ठीक आहे, ताई. नवं कार्ड तेवढं काढून द्या आणि घरी जा." मी नरेशभाईंच्या खुर्चीत बसले, चार नंबर धरून परत खाली त्याच्या जागी ओढला, आणि 'सेव्ह' म्हणायच्या आधी दोन्ही हातांनी माउस धरला. बॅच दुसऱ्या पाळीला लागली. इतका उशीर का, हे विचारायचं मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी नरेशभाई आमच्या ऑफिसात आले. समोर ठेवलेल्या चहाला हात लावला नाही. "मॅडम, आप को बोलना चाहिए था ना, कि उस जगह का मतलब है."

"सांगायची परवानगी नव्हती, नरेशभाई."

"मुझे भी नहीं?"

पुस्तक म्हणत होतं क्रमाला अर्थ नाही. मालक म्हणत होते अर्थ आहे, पण तो कुणाला कळू द्यायचा नाही. आणि कार्ड वाचणाऱ्यांना तो अर्थ न सांगताच घ्यावा लागत होता. ह्या तिघांच्या मधल्या फटीत नरेशभाई बिचारे बोट घालून बसले होते.

पुढे पाटील साहेबांनी मालकांच्या केबिनचं दार उघडं ठेवून, बाहेरच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात भांडण केलं. त्यानंतर मी क्रमाचं वेगळंच टेबल केलं. पहिला, दुसरा, तिसरा, असं कार्डावर ठसठशीत छापून यायला लागलं. आता टेबलातले कॉलम कुणी कसेही ओढले तरी कार्ड जागचं हलणार नव्हतं. फॉर्म्युला चोरून कुणीही पलीकडे कारखाना काढला नाही. नंतर नोकरीत जे कुणी माझ्या हाताखाली आलं त्याला मी पहिल्या आठवड्यात हेच शिकवलं: ज्याला अर्थ आहे ते जागेच्या भरवशावर सोडू नका, लिहून ठेवा. नरेशभाईंनी मात्र क्लास सोडला आणि पुन्हा कधी फोनवर उंगली घिसल्याची तक्रार केली नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं. माणूस शिकत होता.

इथवर लिहून झाल्यावर मी ह्यांना वाचून दाखवलं. आम्ही आता बदलापुरात राहतो. हे गॅलरीत गवार निवडत बसले होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी शेंग हातातच धरली.

"एक दुरुस्ती कर. 'अजून काही टाकलेलं नाही' असं मी म्हणालो, हे बरोबर लिहिलंयस. पण ते खोटं होतं."

"म्हणजे?"

"चार नंबर सगळं आत गेलं होतं. सातच्या पाइपाचा वॉल्व्ह माझ्या हातात होता. नंतर पाटील साहेबांनी आणि आम्ही चार नंबर सगळं खालून काढून घेतलं. रिॲक्टर धुवायलाच दुपार झाली."

मी कागद खाली ठेवले. "इतकी वर्षं सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी मला कामावर जाऊ दिलं असतंस?"

"पण मग थांबलात कसे? कार्ड तर खिशात होतं."

"थांबलो कुठे. वॉल्व्ह फिरवणार तेवढ्यात हाक आली, तुझ्या घरून आलेत, अर्जंट आहे. आई तेव्हा आजारी होती ना. मला वाटलं गेली. वॉल्व्ह सोडला आणि फोनकडे पळालो."

एवढं सांगून ते पुन्हा गवारीला लागले. मी जाऊन त्यांच्याजवळ बसले आणि त्यांचा हात घट्ट धरून ठेवला. थोडा वेळ त्यांनी धरू दिला. मग म्हणाले, "अगं, सोड आता. शेंगा राहिल्यात."

मी सोडला नाही.